रणगाडा चालवायचा कुठे?

रणगाड्याची बातमी आली की आपल्याकडे चर्चा तोफेची होते. तोफ किती मिलिमीटरची, मारा किती लांबचा, चिलखत किती जाड. लष्करात पहिला प्रश्न वेगळा असतो: हा चालवायचा कुठे? आपल्या सैन्याला एकाच वेळी थरच्या वाळूत, पंजाबच्या कालव्यांमध्ये, कच्छच्या खारट दलदलीत आणि लडाखमध्ये चार हजार मीटरच्या वर सज्ज राहावं लागतं. इतकी वेगवेगळी जमीन फार थोड्या सैन्यांच्या वाट्याला येते. त्यामुळे चिलखती वाहनांचं आधुनिकीकरण म्हणजे जुनं काढून नवं घेणं, इतकं सरळ काम हे नाही. एका जमिनीसाठी केलेली सुधारणा दुसऱ्या जमिनीवर अडचण होऊन बसते.

पुणेकरांनी तर हा विषय समजून घ्यायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. या कामाचा मोठा भाग आपल्या आसपास चालतो. दिघीला लष्करी पूल, पाषाणला तोफा आणि दारूगोळा, सुतारवाडीला स्फोटकं, आणि अडीच-तीन तासांवर नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वाहनं. नगरमध्ये डीआरडीओची, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची, वाहन प्रयोगशाळा ‘व्हीआरडीई’ आहे, चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. शिर्डीला जाता-येता तिथे तासभर थांबलात, तर खाली लिहिलेलं बरंचसं डोळ्यांनी बघता येईल.

सुरुवात वजनापासून करू. रणगाड्याकडून तीन गोष्टी हव्या असतात: मारा, बचाव आणि चाल. मोठी तोफ लावली की वजन वाढतं, जाड चिलखत चढवलं की आणखी वाढतं, आणि हे वाढलेलं वजन चालीतून वजा होतं. आपल्याकडचा टी-७२ ‘अजेय’ साधारण ४१ टनांचा आहे. टी-९० ‘भीष्म’ ४६ टनांच्या पुढे जातो. आपल्याकडेच घडवलेला अर्जुन मार्क-१ए सुमारे ६८ टनांचा, आणि नवा हलका रणगाडा झोरावर २५ टनांचा.

पण नुसत्या टनांवरून रणगाडा रुतेल की जाईल ते कळत नाही. ते वजन किती जागेवर पसरलं आहे, हे बघावं लागतं. पावसाळ्यात काळ्या रानात लोखंडी धावेची बैलगाडी रुतून बसते आणि तेवढाच माल भरलेली, रुंद टायरची डनलॉप गाडी निघून जाते, तोच हा हिशोब. रणगाड्याच्या दोन्ही बाजूंचे पट्टे यासाठीच असतात. साडेअठ्ठावन्न टनांचा मूळ अर्जुन जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८५ किलो भार टाकतो. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये ३०-३२ पीएसआय हवा असते, म्हणजे तिचा भार चौरस सेंटिमीटरला दोन किलोंच्या पुढे. मोटार जिथे फसेल, तिथून अर्जुन पार होऊ शकतो.

याला मर्यादा आहेतच. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं. पाकिस्तानचे पॅटन त्या काळच्या आपल्या बहुतेक रणगाड्यांपेक्षा नवे होते, पण त्या चिखलात ते अडकले आणि उभ्या उसाआडून त्यांच्यावर मारा झाला. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन टिपले ते याच लढाईत. यंत्र सरस असून जमिनीपुढे हरतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण आपल्या युद्धांत दुसरं नसेल.

पट्ट्यांमुळे भार पसरतो खरा, पण पुलावर ही युक्ती चालत नाही. पुलाला अख्खं वजन पेलावं लागतं. पंजाब आणि जम्मूच्या सरहद्दीवर कालवे, नाले आणि संरक्षणासाठी मुद्दाम खणलेले खंदक-बांध एकामागोमाग एक येतात. ६८ टनांचा रणगाडा तिथल्या कित्येक पुलांवरून नेताच येत नाही. अर्जुन रेल्वेने हलवायचा तर त्याच्यासाठी वेगळे वॅगन बनवावे लागले. अर्जुनवर ‘जड आहे’ अशी टीका होते ती या अर्थाने. वाळवंटात, जिथे पूल कमी आणि मैदान मोकळं, तिथे त्याचं हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन, म्हणजे तेल आणि वायूच्या दाबावर धक्के झेलणारी रचना, त्याला धावतानाही स्थिर ठेवतं आणि नेम अचूक बसतो. वाईट रणगाडा आणि चुकीच्या जागी नेलेला रणगाडा यांतला फरक आपल्या चर्चांमध्ये हरवतो, याची मला खंत वाटते.

इथे दिघीचं काम येतं. माउलींची पालखी आळंदीहून ज्या वाटेने पुण्यात येते, त्या दिघीतच डीआरडीओची आर अँड डीई (इंजिनीअर्स) ही संस्था आहे. लष्करासाठी पूल घडवणं हे तिचं एक मुख्य काम. टी-७२च्या सांगाड्यावर तोफेच्या टरेटऐवजी, म्हणजे फिरत्या बुरुजाऐवजी, घडीचा पूल बसवलेलं वाहन तुम्ही प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात पाहिलं असेल. ते चालतं कसं, हे जरा जवळून बघू. वाहन खंदकाच्या काठाशी येऊन थांबतं. आतली माणसं बाहेर पडतच नाहीत, कारण बाहेर गोळीबार चालू असणार हे गृहीत धरलेलं असतं. हायड्रॉलिक बाहू पाठीवरची घडी उचलतात, ती समोर उलगडत जाते आणि पुढचं टोक पलीकडच्या काठावर टेकतं. पूल सोडून वाहन मागे सरतं. वीस मीटरच्या आसपासचं अंतर काही मिनिटांत जोडलं जातं, मागचे रणगाडे पार होतात, आणि तेच वाहन पलीकडे जाऊन पूल पुन्हा पाठीवर घेतं. असे ४७ टी-७२ पूलवाहक घेण्याचा सुमारे १,५६१ कोटी रुपयांचा करार जानेवारी २०२५ मध्ये झाला. लहान नाल्यांसाठी दहा मीटरचा पूल दिघीनेच तयार केला आहे. ट्रकवरून टाकता येणाऱ्या या पुलांचे पहिले १२ संच जुलै २०२१ मध्ये लष्कराला मिळाले. मोठ्या पाटासाठी ‘सर्वत्र’ हा पूल आहे, पाच तुकडे जोडून ७५ मीटरपर्यंत जाणारा.

अशा बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपतात. तोफेचा फोटो मात्र पहिल्या पानावर येतो. पूल नसेल तर ती तोफ कालव्याच्या अलीकडेच उभी राहणार, हे लक्षात घेतलं की बातमीचं खरं मोल कळतं. अभियंत्यांनी वाट करून देणं किती मोलाचं, यासाठी बसंतर नदीवरची लढाई आठवा. डिसेंबर १९७१ मध्ये अभियंत्यांचं सुरुंग काढण्याचं काम पूर्ण झालेलं नसतानाच ‘पूना हॉर्स’चे रणगाडे त्या सुरुंगांमधून पुढे घुसले, कारण पलीकडे पोचलेल्या आपल्या पायदळावर शत्रूचे रणगाडे चालून येत होते. त्याच लढाईत, १६ डिसेंबरला, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जन्माने ते पुण्याचे, वय २१. त्यांचा सेंच्युरियन रणगाडा ‘फामागुस्ता’ नगरला जपून ठेवला आहे.

आता वाळवंट. उन्हाळ्यात बाहेर ४५-५० अंश, आणि बंद पोलादी डब्यात त्याहून जास्त. माणूस कसाबसा तग धरतो, इलेक्ट्रॉनिक्स धरेलच असं नाही. टी-९० आपल्याकडे नवे आले तेव्हा त्यांच्या रात्री बघायच्या थर्मल कॅमेऱ्यांना राजस्थानची उष्णता सोसली नव्हती. यंत्र थंड मुलखासाठी घडलेलं आणि वापर आपल्या उन्हात, असं झालं की वातानुकूलन लागतं. ते चालवायला वीज लागते, आणि दबा धरून बसलेल्या रणगाड्याने त्या विजेसाठी मुख्य इंजिन चालू ठेवलं तर आवाजाने आणि उष्णतेने तो पकडला जातो. म्हणून छोटं वेगळं जनित्र हवं. अर्जुन मार्क-१ए मध्ये ते आहे.

धुळीचं दुखणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते बाहेरून दिसतच नाही. रणगाड्याचं इंजिन प्रचंड हवा ओढतं, आणि पुढच्या रणगाड्याच्या मागे चालताना त्या हवेत बारीक वाळू भरलेली असते. टी-७२ मध्ये हवा आधी छोट्या नळ्यांमधून गरगर फिरवतात, म्हणजे जड कण बाजूला फेकले जातात. उरलेली धूळ तेलात भिजवलेल्या तारेच्या जाळीच्या कॅसेट धरून ठेवतात. या कॅसेट ठरावीक चालीनंतर जवानांनाच बाहेर काढाव्या लागतात, डिझेलमध्ये धुवाव्या लागतात, पुन्हा तेलात बुडवून निथळवून बसवाव्या लागतात. सरावात दमून आलेल्या माणसांना हे काम करावं लागतं, आणि ते टाळलं तर वाळू सिलिंडरपर्यंत पोचून इंजिनाचं आयुष्य खाते. जाळी तुंबली तर ताकद आधीच कमी होते. म्हणूनच नव्या वाहनात धूळ आपोआप बाहेर फेकणारा आणि उघडायला सोपा फिल्टर असणं, हे नव्या तोफेइतकंच आधुनिकीकरण आहे.

लडाखमध्ये तर सगळे हिशोब बदलतात.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, सिंहगड १,३०० मीटरच्या थोडा वर. पँगाँग सरोवराचा परिसर ४,२०० मीटरच्या पुढचा. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत साधारण ६० टक्केच उरतो. डिझेल जळायला लागणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. त्यामुळे मैदानात ७८० अश्वशक्ती देणारं टी-७२चं इंजिन तिथे तेवढी ताकद देत नाही, आणि चढ मात्र मैदानापेक्षा कितीतरी उभे. ताकद बघायची ती दर टनामागे. टी-७२ला मैदानात टनामागे १९ अश्वशक्ती मिळते, टी-९०ला २१-२२. झोरावरला ३०च्या आसपास मिळते. हवा कमी झाली तरी त्याच्या हाताशी काहीतरी उरतं.

थंडीतला एक विरोधाभास सांगतो. बाहेर उणे तीस असताना इंजिन गोठेल ही भीती असते, पण चढावर तेच इंजिन तापतंही. विरळ हवा रेडिएटरमधली उष्णता पुरेशी वाहून नेत नाही, आणि त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. गाडी उभी केली की दुखणं उलटं होतं. साध्या डिझेलमधलं मेण थिजतं आणि नळ्या तुंबतात. वंगण घट्ट होतं, बॅटरीची ताकद घटते, रबराची सील कडक होऊन तडकतात. इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल काढलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सहा महिन्यांत, २०२० च्या मेपासून, पूर्व लडाखमध्ये तणाव वाढणार होता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तोफेलाही डोंगर भोवतो. टी-७२ची नळी वरच्या बाजूला जेमतेम १४ अंश उचलते. मैदानी युद्धात तेवढं पुरतं, पण अरुंद खोऱ्यातून वरच्या कड्यावरचा शत्रू टिपायचा तर ती तिथवर पोचत नाही. झोरावरची १०५ मिलिमीटरची तोफ चाळीस अंशांच्या आसपास उचलता येते. पायदळाला नेणाऱ्या बीएमपी-२ या चिलखती वाहनाची ३० मिलिमीटरची तोफ तर ७४ अंशांपर्यंत जाते, म्हणून डोंगरात तिला वेगळा मान आहे. शिवाय विरळ हवेत गोळ्याला अडथळा कमी, तो मैदानापेक्षा सपाट जातो. थंडीत तोफेतली दारू मंद जळते, त्यामुळे वेग घटतो. हे दोन्ही परिणाम नेम धरणाऱ्या संगणकाला दाब आणि तापमानासकट सांगावे लागतात. जुन्या रणगाड्यात नवी फायर कंट्रोल प्रणाली बसवतात ती यासाठीही.

इतक्या उंचीवर रणगाडे नेण्याची जिद्द आपल्या सैन्याला नवी नाही. १ नोव्हेंबर १९४८ ला जनरल थिमय्यांच्या नेतृत्वाखाली सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेतीन हजार मीटरच्या जोजिला खिंडीत चढले. गुप्तता राखण्यासाठी वाटेत त्यांची टरेट काढून ठेवली होती आणि अभियंत्यांनी खेचरांची वाट रुंद करून दिली होती. १९६२ मध्ये २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे विमानाने लडाखमधल्या चुशूलला उतरवले. ऑगस्ट २०२० मध्ये पूर्व लडाखच्या कैलास रांगेवर टी-७२ आणि टी-९० चढवले गेले, तेव्हा मैदानी रणगाड्यांनी डोंगरात कमाल केली. पण ती माणसांची कमाल होती. यंत्र त्या जागेसाठी घडलेलं नव्हतं, आणि तिथूनच हलक्या रणगाड्याच्या मागणीने जोर धरला.

डोग्रा सेनानी झोरावर सिंह यांनी एकोणिसाव्या शतकात लडाख आणि पश्चिम तिबेटात मोहिमा केल्या. त्यांच्या नावाचा हा रणगाडा डीआरडीओ आणि एल अँड टीने मिळून घडवला. जुलै २०२४ मध्ये तो हजिराला दाखवला गेला, सप्टेंबरात वाळवंटात त्याची चाचणी झाली आणि डिसेंबरात ४,२०० मीटरच्या वर त्याने गोळे डागले. सी-१७ या मालवाहू विमानात टी-९० एकच मावतो, झोरावर दोन जातात. याची किंमत चिलखतात मोजावी लागते. २५ टनांत टी-९०इतकं संरक्षण बसत नाही. मैदानात मोठ्या रणगाड्यांसमोर झोरावर उभा करणं ही घोडचूक ठरेल, आणि टी-९०ची जागा घेणं हे त्याचं कामही नाही.

वजनाचं हेच त्रांगडं पायदळाच्या वाहनांतही आहे. सुमारे १४ टनांचा बीएमपी-२ नदीत तरंगतो आणि पट्टे फिरवत ताशी सात किलोमीटरच्या आसपास पुढे सरकतो. त्याचं चिलखत पातळ आहे, म्हणून जाड पत्रे ठोकावेत असं कुणालाही वाटेल. ठोकले की तो तरंगणं सोडतो. मग त्याच्या आधुनिकीकरणात पत्र्यांऐवजी थर्मल दुर्बिणी आणि नेम धरण्याची प्रणाली यांवर भर येतो, म्हणजे शत्रू आधी आपल्याला दिसावा. रस्ते बरे आहेत तिथे चाकांची वाहनं सरस पडतात. ती वेगवान असतात, देखभाल कमी लागते, ट्रेलरची गरज नसते. नगरच्या व्हीआरडीईने टाटांबरोबर आठ चाकांचं ‘व्हॅप’ घडवलं. त्याचा कारखाना सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोत सुरू झाला. एप्रिल २०२२ मध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या केंद्रात तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते टाटा आणि भारत फोर्ज यांची देशी चिलखती वाहनं सैन्यात दाखल झाली, तो पुण्यातलाच प्रसंग.

संरक्षणाचं सुतारवाडीतलं काम थोडक्यात सांगतो. तिथल्या एचईएमआरएल प्रयोगशाळेने स्फोटक चिलखत तयार केलं. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये स्फोटकाचा थर असलेले ठोकळे रणगाड्यावर बसवतात. क्षेपणास्त्राच्या टोकातून निघणारी वितळत्या धातूसारखी धार ठोकळ्यावर आदळली की तो फुटतो आणि उडणाऱ्या पट्ट्या ती धार मधेच तोडतात. युक्रेनच्या युद्धानंतर मात्र धोका वरून येतो, ड्रोनमधून, आणि रणगाड्याचं छप्पर सगळ्यांत पातळ असतं. त्यासाठी जाळीचे पिंजरे, ड्रोनचे संकेत बिघडवणारी यंत्रं, येणारं अस्त्र हवेतच पाडणारी प्रणाली असे उपाय चालू आहेत. प्रत्येकाचं वजन आहे आणि प्रत्येकाला वीज लागते.

म्हणून शेवटी सगळं इंजिनापाशी येतं. मार्च २०२५ मध्ये टी-७२साठी १,००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा २४.८ कोटी डॉलरचा करार रशियाशी झाला, तंत्रज्ञान हस्तांतरासह. याने टनामागे १९ची २४ अश्वशक्ती होते, आणि जुन्या रणगाड्याला वाळूत आणि चढावर पुन्हा दम येतो. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यांत शहाणपणाचा खर्च आहे. टी-७२च्या जागी पुढे १,७७० नवे रणगाडे घ्यायच्या प्रस्तावाला सप्टेंबर २०२४ मध्ये पहिली मंजुरी मिळाली, पण ते प्रत्यक्ष यायला वर्षं लागणार. तोवर भार टी-७२वरच आहे.

खरी उणीव मात्र इथेच आहे. अर्जुनचं इंजिन जर्मन, टी-७२चं मूळ रशियन, झोरावरचं अमेरिकन कंपनीचं. संकटाच्या वेळी पुरवठा थांबला तर चिलखत आणि तोफ आपली असून उपयोग नाही. २० मार्च २०२४ रोजी म्हैसूरला बीईएमएल या सरकारी कंपनीत १,५०० अश्वशक्तीचं देशी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. उणे ४० ते ५५ अंश तापमान आणि ५,००० मीटरच्या वरची उंची, अशी अट त्याच्या आराखड्यातच घातलेली आहे. चाचणीच्या चौथऱ्यावर ते चाललं. आता ते रणगाड्याच्या पोटात बसवून, वाळू खात आणि विरळ हवेत चढ चढत किती तास टिकतं, हे बघायचं आहे.